युकेतून आयर्लंडमध्ये जुनी गाडी आणताना: एमओटी, एनसीटी आणि व्हीआरटीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडमध्ये नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांना पहिल्या वर्षातच गाडीची गरज भासते. मुलांची शाळा, आठवड्याचा बाजार, शहराबाहेर घेतलेलं भाड्याचं घर, हे सगळं बसवर भागत नाही. इथल्या जुन्या गाड्यांच्या किमती पाहिल्या की नजर सीमेपलीकडे, उत्तर आयर्लंडकडे किंवा इंग्लंडकडे जाते. तिकडेही स्टिअरिंग उजवीकडे, रहदारी डावीकडून आणि निवडीला भरपूर गाड्या. तिकडून गाडी आणण्यात गैर काही नाही. मात्र हिशोब मांडताना लोक बोटीचं (फेरीचं) तिकीट धरतात, कर धरतात आणि इथल्या तांत्रिक चाचणीत गाडी पास व्हायला जो खर्च येतो तो विसरतात. बऱ्याचदा त्याच खर्चात स्वस्ताई संपते. म्हणून या पानावर भर चाचणीवर आहे. करांबद्दल गरजेपुरतंच लिहिलं आहे.

एमओटी, एनसीटी, व्हीआरटी: यात नेमका फरक काय?

एमओटी ही युकेतली गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे की नाही हे पाहणारी चाचणी. एनसीटी ही आयर्लंडमधली तशीच चाचणी. ती इथं जानेवारी २००० मध्ये सुरू झाली. व्हीआरटी ही चाचणी नाही. तो गाडीची आयर्लंडमध्ये पहिल्यांदा नोंदणी करताना भरायचा कर आहे.

आपल्याकडून आलेल्या माणसाला एनसीटीचं महत्त्व पटायला थोडा वेळ लागतो. भारतात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते आणि तोपर्यंत पीयूसी सोडली तर गाडी कुठे दाखवायला न्यावी लागत नाही. इथं चौथ्या वर्षापासून गाडीखाली वाकून ब्रेकचे पाइप पाहिले जातात.

गाडीची एमओटी अजून अकरा महिने शिल्लक आहे. ती इथं चालेल ना?

नाही. १ जानेवारी २०२१ पासून युकेचं चाचणी प्रमाणपत्र आयर्लंडमध्ये एनसीटीच्या जागी धरलं जात नाही. गाडी बेलफास्टची असो, न्यूरीची असो की बर्मिंगहॅमची, उत्तर तेच. विक्रेता “फुल एमओटी आहे” असं सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पण सीमा ओलांडली की त्या कागदाची कायदेशीर किंमत संपते.

तरीही एमओटीचे कागद फेकू नका. गाडीची तब्येत समजून घ्यायला त्यांच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

एनसीटी सेंटरमध्येच गाडीची तपासणी झाली आणि नंबरही मिळाला. म्हणजे एनसीटी झाली, बरोबर?

हा गैरसमज सर्वांत जास्त आढळतो. तो होणं साहजिकही आहे, कारण जागा तीच आणि बुकिंगही त्याच यंत्रणेकडे, म्हणजे एनसीटीएसकडे.

नोंदणीच्या वेळची तपासणी ही गाडीची ओळख पटवण्यासाठी असते. चासी नंबर कागदाशी जुळतो का, मॉडेल तेच आहे का, किलोमीटर किंवा मैल किती झाले, बाहेरून गाडी कशी दिसते, हे पाहून महसूल खात्यासाठी नोंद होते आणि त्यावरून कर ठरतो. ब्रेक रोलरवर चढवत नाहीत. धूर मोजत नाहीत. गाडीखाली शिरून गंज पाहत नाहीत. ब्रेक पॅड पूर्ण झिजलेली गाडीसुद्धा इथून नंबर घेऊन बाहेर पडू शकते.

म्हणून नवा नंबर हातात आला म्हणजे गाडी सुरक्षित ठरली असं समजू नका. त्या गाडीत मुलं बसणार आहेत.

मग क्रम काय ठेवायचा?

गाडी आयर्लंडमध्ये आल्यापासून ७ दिवसांच्या आत नोंदणीच्या तपासणीची वेळ घ्यायची आणि ३० दिवसांच्या आत नोंदणी पूर्ण करून व्हीआरटी भरायचा. ही तपासणी प्रत्येक एनसीटी सेंटरवर होत नाही, त्यामुळे बुकिंग करताना ठिकाण नीट पाहा. ३० दिवस उलटले तर प्रत्येक दिवसाला व्हीआरटीच्या ०.१ टक्के जादा आकार लागतो. नोंदणी न केलेली गाडी इथल्या रहिवाशाने चालवत ठेवली तर ती जप्तही होऊ शकते.

सोबत मूळ नोंदणीपत्र (युकेच्या गाडीचं व्ही५सी, ज्याला तिकडे लॉगबुक म्हणतात), खरेदीची पावती, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि तुमचा पीपीएस नंबर (आयर्लंडमधला सरकारी वैयक्तिक क्रमांक) लागतो. ब्रिटनमधून, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड किंवा वेल्समधून, आणली असेल तर कस्टमचे कागदही.

नोंदणी झाली की आयरिश नंबर मिळतो. नव्या पाट्या ३ दिवसांत लावायच्या. मग रस्ता कर. आणि गाडीला ४ वर्षं होऊन गेली असतील तर लगेच एनसीटीची वेळ घ्यायची. आधी नोंदणी, मग एनसीटी, हा क्रम उलटा करता येत नाही.

विमा मात्र या सगळ्याच्या आधी हवा. परदेशी नंबरवर आणि नोंदणीपर्यंतच्या दिवसांसाठी विमा कंपनी संरक्षण देते का, हे गाडीचे पैसे देण्याआधीच लेखी विचारून घ्या. सगळ्या कंपन्या देत नाहीत.

माझ्या गाडीला एनसीटी कधी लागते? इथं नोंदणी झाल्यापासून चार वर्षं मोजायची का?

नाही. गाडीची जगात कुठेही पहिल्यांदा नोंदणी झाली ती तारीख धरतात. त्या तारखेपासून ४ वर्षं झाली की पहिली एनसीटी, पुढे दर २ वर्षांनी, आणि १० वर्षं पूर्ण झाल्यावर दरवर्षी.

याचा एक परिणाम फार कमी लोकांना माहीत असतो. प्रमाणपत्राची मुदत चाचणी झाली त्या दिवसापासून मोजत नाहीत, चाचणी ज्या दिवशी व्हायला हवी होती तिथून मोजतात. समजा इंग्लंडमध्ये १५ मार्च २०१९ ला नोंदलेली गाडी तुम्ही आणली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिची एनसीटी केली. चाचणी व्हायला हवी होती मार्च २०२३ मध्ये. म्हणून प्रमाणपत्र मार्च २०२५ पर्यंतच, म्हणजे दोन वर्षांऐवजी जेमतेम सोळा महिने. नऊ-साडेनऊ वर्षांची गाडी घेणाऱ्यांनी तर लक्षात ठेवावं की लवकरच ती दरवर्षीच्या चाचणीत जाणार आहे.

एक फरक सोयीचाही आहे. ब्रिटनमध्ये पहिली एमओटी तिसऱ्या वर्षी होते, उत्तर आयर्लंडमध्ये चौथ्या. साडेतीन वर्षांची इंग्लंडची गाडी आणली तर तिच्यावर एका एमओटीचा अहवाल असतो आणि इथली एनसीटी अजून सहा महिने लांब असते. गाडी निवडायला हे वय मला सर्वांत चांगलं वाटतं.

इतक्या दूर बसून गाडी एनसीटी पास होईल का हे कसं ओळखायचं?

एमओटीचा इतिहास वाचून. युके सरकारच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की ब्रिटनमधल्या २००५ पासूनच्या चाचण्यांची माहिती फुकट मिळते: कधी पास, कधी नापास, कशामुळे नापास आणि त्या दिवशी मीटरवर किती मैल होते. मी कोणालाही हे वाचल्याशिवाय फोनवर भावसुद्धा विचारू नका असं सांगते.

आधी मैलांचा आकडा वर्षावर्षाने पाहा. तो हळूहळू वाढत गेला पाहिजे. मधेच कमी झाला तर मीटर फिरवलं असण्याची शक्यता आहे आणि तिथेच थांबावं. दोन वर्षांत जेमतेम काही शे मैल वाढले असतील तर गाडी उभी राहून खराब झाली असेल. बऱ्याच काळ न हललेल्या गाडीचे ब्रेक आणि टायर दोन्ही पाहावे लागतात.

मग सूचना वाचा. मे २०१८ पासून एमओटीत दोषांची वर्गवारी आहे: धोकादायक, मोठा, किरकोळ, आणि त्याखाली “अ‍ॅडव्हायजरी”, म्हणजे आज चालेल पण लक्ष ठेवा. गाडी पास झालेली असते म्हणून लोक अ‍ॅडव्हायजरी वाचत नाहीत, आणि कामाची गोष्ट तिथेच असते. “मागच्या ब्रेक पाइपला गंज”, “पुढचे टायर मर्यादेच्या जवळ”, “सस्पेन्शनच्या रबरी बुशला तडे” अशा ओळी असतात. आज तिथली अ‍ॅडव्हायजरी सहा महिन्यांनी इथं नापासाचं कारण होते. तीच सूचना सलग तीन वर्षं दिसली तर मालकाने दुरुस्ती टाळली आहे, आणि न दिसणाऱ्या बाकी गोष्टीही टाळल्या असतील असं धरून चालावं.

गंज हा शब्द आला की विशेष सावध व्हा. हिवाळ्यात तिकडच्या रस्त्यांवर मीठ टाकतात. ते गाडीच्या तळाला चिकटतं आणि लोखंड खातं. वरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीखाली सबफ्रेम, म्हणजे इंजिन आणि सस्पेन्शन पेलणारी चौकट, पोखरलेली असू शकते. मुंबई-कोकणातल्या खाऱ्या हवेत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

याशिवाय पैसे भरून मिळणारा इतिहास अहवाल घ्याच. कर्ज बाकी आहे का, चोरीची आहे का, आणि विमा कंपनीने कधी निकालात काढली होती का, हे त्यातून कळतं. युकेत ऑक्टोबर २०१७ पासून अशा गाड्यांचे ए, बी, एस, एन असे गट आहेत. ए आणि बी पुन्हा रस्त्यावर यायच्याच नसतात. एस म्हणजे सांगाड्याला मार लागलेला, एन म्हणजे सांगाडा शाबूत. एस गटातली गाडी कितीही स्वस्त असली तरी मी कोणाला सुचवणार नाही.

एनसीटीत काय काय पाहतात? बाहेरून आणलेल्या गाड्या कुठे अडकतात?

ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, टायर, दिवे, सीटबेल्ट, काचा, वायपर, हॉर्न, धूर, गाडीचा तळ, नंबर पाट्या. टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिमी हवी. पण चाचणी काठावर पास करणारा टायर आयर्लंडच्या पावसात पुरेसा पकड देत नाही. ३ मिमीच्या खाली आला की बदला.

बाहेरून आलेल्या गाड्या अडकतात त्या बऱ्याचदा साध्या गोष्टींवर. नव्या पाट्यांचा नमुना ठरलेला आहे: वर्षाचे आकडे, काउंटीचं (जिल्ह्याचं) अक्षर, क्रमांक, आणि वर काउंटीचं आयरिश भाषेतलं नाव. फॅन्सी अक्षरांच्या पाट्या नापास होतात. हेडलाइटचा झोत वर-खाली झालेला असतो. डिझेल गाडी शहरात कमी अंतरावर फिरलेली असेल तर धुराच्या चाचणीत अडते. अशा गाडीतला काजळी अडवणारा फिल्टर आधीच्या मालकाने काढून टाकलेला असेल तर प्रकरण फार महागात जातं.

मैलांचं मीटर ही वेगळी बाब. आयर्लंडमध्ये २० जानेवारी २००५ पासून वेगमर्यादा किलोमीटरमध्ये आहेत. युकेच्या गाडीत मोठे आकडे मैलांचे आणि आतले बारीक आकडे किलोमीटरचे असतात. पहिले काही दिवस बारीक आकडे वाचायची सवय मुद्दाम लावून घ्या. पाटीवरचे १०० आणि काट्याखालचे १०० यात फार मोठं अंतर आहे.

गाडी नापास झाली तर?

अहवालात कारणं लिहून मिळतात. दुरुस्ती करून ३० दिवसांत फेरचाचणी करता येते. नुसतं डोळ्यांनी पाहून भागणारी दुरुस्ती असेल तर, उदाहरणार्थ पाटी बदलली असेल तर, फेरचाचणीला पैसे लागत नाहीत. यंत्रावर पुन्हा तपासावं लागलं तर शुल्क पडतं.

“फेल डेंजरस” असा निकाल आला तर गाडी चालवत घरी आणू नका. तो निकाल म्हणजे गाडी त्या अवस्थेत रस्त्यावर आणायची नाही. टोइंग मागवा. निकाल चुकीचा वाटला तर अपील करता येतं, पण गाडी दुरुस्त करून मग अपील करायला गेलात तर दाखवायला काही उरत नाही.

उत्तर आयर्लंडमधून आणणं आणि ब्रिटनमधून आणणं यात फरक आहे का?

चाचणीच्या बाबतीत काहीच नाही. पैशांच्या बाबतीत फार मोठा.

इंग्लंड, स्कॉटलंड किंवा वेल्समधून आणलेली गाडी ही युरोपीय संघाबाहेरून आलेला माल धरली जाते. किंमत आणि वाहतूक मिळून त्यावर २३ टक्के व्हॅट, आणि गाडी युकेत बनल्याचा नियमाप्रमाणे पुरावा नसेल तर १० टक्के कस्टम ड्युटी. जर्मनीत बनलेली गाडी लंडनहून आणली तरी ड्युटी लागते, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. या सगळ्यावर पुन्हा व्हीआरटी, आणि त्यातच नायट्रोजन ऑक्साइडचा वेगळा आकार. तो जुन्या डिझेलला जबर बसतो.

उत्तर आयर्लंडची गाडी असेल तर कस्टम आणि व्हॅट टळू शकतात, पण पुरावा द्यावा लागतो: ती ३१ डिसेंबर २०२० किंवा त्याआधीपासून तिथेच होती, किंवा नंतर आली असेल तर रीतसर आली आणि तिथल्या रहिवाशाच्या खऱ्या वापरात होती. फक्त बेलफास्टच्या विक्रेत्याची पावती पुरत नाही. महिन्यापूर्वी लिव्हरपूलहून आणून बेलफास्टला उभी केलेली गाडी ही कागदोपत्री ब्रिटनचीच. मालकाच्या नावाचं लॉगबुक, विमा, तिथल्या केंद्रातल्या एमओटीच्या नोंदी, हे सगळं विक्रेत्याकडून खरेदीआधी मागा. एनसीटीसाठी निरुपयोगी ठरलेली एमओटी इथं उपयोगी पडते.

आम्ही लंडनहून डब्लिनला कायमचे राहायला येत आहोत. स्वतःचीच गाडी आणली तरी हे सगळं करावं लागेल?

तुमच्यासाठी व्हीआरटीची सवलत आहे. स्थलांतराआधी गाडी किमान ६ महिने तुमच्या मालकीची आणि वापरात असली पाहिजे, स्थलांतरानंतर १२ महिन्यांच्या आत ती इथं आणली पाहिजे, आणि नोंदणीनंतर १२ महिने विकता येत नाही. अर्ज महसूल खात्याकडे करायचा. निघण्याआधीच विम्याची, घरभाड्याची, पगाराची कागदपत्रं गोळा करा. इथं आल्यावर तिकडच्या घरमालकाकडून पत्र मिळवणं फार जिकिरीचं होतं.

सवलत कराची आहे, चाचणीची नाही. एनसीटी सर्वांसारखीच.

जर्मनी किंवा फ्रान्समधून आणली तर?

युरोपीय संघाच्या २०१४/४५ या निर्देशानुसार सदस्य देशांनी एकमेकांची चाचणी प्रमाणपत्रं मान्य करायची असतात. म्हणून जर्मनीची चालू मुदतीची तपासणी, आयर्लंडच्या कालावधीत बसत असेल तर, इथं ग्राह्य धरून घेता येते. त्यासाठी रस्ता सुरक्षा प्राधिकरणाकडे, म्हणजे आरएसएकडे अर्ज करायचा.

पण गाडी डाव्या स्टिअरिंगची असते. तिच्या हेडलाइटचा झोत आपल्या समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो, आणि त्यावर एनसीटी नापास होते. काही मॉडेलमध्ये झोत सेटिंगमधून बदलतो, बाकींना दिवेच बदलावे लागतात. एका आधुनिक दिव्याची किंमत ऐकून मगच सौदा करा.

जपानहून आणलेल्या गाड्या चांगल्या म्हणतात. त्यांचं काय?

गंज कमी, देखभाल चांगली, हे बऱ्याच अंशी खरं आहे. जपानची “शाकेन” ही तपासणी कडक असते, पण तीही इथं मान्य नाही. मागचा धुक्याचा दिवा अनेक जपानी गाड्यांना नसतो, तो बसवून घ्यावा लागतो. निर्यात प्रमाणपत्राचं इंग्रजी भाषांतर लागतं, आणि कार्बन उत्सर्जनाचा पुरावा नसेल तर व्हीआरटी चढ्या दराने लागू शकतो. डब्लिनमध्ये नोंदणी होऊन, एनसीटी पास झालेली जपानी गाडी विकत घेणं स्वतः आणण्यापेक्षा सोपं.

व्हॅन घेतली तर?

मालवाहू गटात नोंदलेल्या गाडीला एनसीटी नाही, सीव्हीआरटी (व्यावसायिक गाड्यांची तशीच चाचणी) लागते, आणि ती पहिल्या वर्षापासून दरवर्षी. मागे सीट बसवलेली व्हॅन घेण्याआधी नोंदणीपत्रावरचा गट वाचा.

एनसीटीशिवाय थोडे दिवस चालवली तर काय होतं?

गार्डांनी, म्हणजे आयरिश पोलिसांनी, पकडलं तर लायसन्सवर ३ पेनल्टी पॉइंट, कोर्टात दोषी ठरलात तर ५. त्यानंतर विम्याचा हप्ता वाढतो. अपघात झाला तर विमा कंपनी गाडीच्या अवस्थेबद्दल प्रश्न विचारते. वेळ लांबची मिळत असेल तर बुकिंगचा पुरावा जवळ ठेवा, रद्द झालेल्या वेळा संकेतस्थळावर रोज पाहा, आणि दरम्यान एखाद्या मेकॅनिककडून ब्रेक व टायर तपासून घ्या. बुकिंग म्हणजे परवानगी नव्हे.

भारतातली गाडी आणता येईल का?

कागदावर शक्य, व्यवहारात नको. बहुतेक भारतीय मॉडेलना युरोपीय मान्यता नसते, म्हणून प्रत्येक गाडीची स्वतंत्र मंजुरी घ्यावी लागते. खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो.

चाचणीच्या दिवशी काय तयारी करायची?

नोंदणीपत्र आणि ओळखीसाठी लायसन्स बरोबर घ्या. डिकी पूर्ण रिकामी करा. मुलांची सीट काढून ठेवा, कारण मागचे सगळे सीटबेल्ट दिसले पाहिजेत. चाकांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या काढा, म्हणजे नट दिसतील. टायरमधली हवा आणि इंजिन ऑइल आदल्या दिवशी पाहा. सगळे दिवे कोणालातरी मागे उभं करून तपासा, नंबर पाटीवरचा दिवासुद्धा. गाडी, विशेषतः डिझेल, हमरस्त्यावर वीसेक मिनिटं चालवून गरम करूनच सेंटरवर न्या. थंड इंजिनवर धुराची चाचणी नीट होत नाही.